खारपाणपट्ट्यातला किडनीचा आजार: दोष एकट्या पाण्याचाच का?

पूर्णाकाठ · १४ मे

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो. आज लिहितोय, कारण मामाला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेताना एसटीत आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात डोक्यात एकच गोष्ट घोळत राहते.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या काठाने जो पट्टा जातो, तो खारपाणपट्टा. नदीच्या गाळाच्या जाड थरांत क्षार अडकून बसलेत आणि काळ्या चिकण मातीला निचरा नाही. विहीर खोदली तरी खारं, बोअर घेतला तरी खारं. हापशीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजत नाही, चहात दूध घातलं की कधी कधी फाटतं. आमच्या लहानपणी सगळं गाव हेच पाणी प्यायचं. आता नळ आलाय, पण आठ-दहा दिवसांतून एकदा. मधल्या दिवसांत आरओचे कॅन. ज्याच्याकडे पैसे नसतात तो परत हापशीवर.

मामा ५२ वर्षांचे. आयुष्यभर कपाशी, तूर, मजुरी. तंबाखू नाही, दारू नाही. पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की वाढत जाणारा टाकाऊ घटक) ९ च्या वर होतं आणि सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या. मामा डॉक्टरांना म्हणाले, "मले ना शुगर, ना बीपी. मंग माह्यावरच कायले आलं हे?" डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं. कार्डावर कारणाच्या रकान्यात "अज्ञात" लिहिलं.

गावात लहान पोरही सांगेल, "पाण्यानं झालं." मलाही तसंच वाटतं. पण मग माझी मामी? तीच विहीर, तोच माठ, आणि तिचे रिपोर्ट स्वच्छ. असा आजार आणखी कुठे आहे का, आणि तिथे काय सापडलं, हे कोणाला माहीत असेल तर सांगा.

रात्रपाळी · १४ मे

पूर्णाकाठ दादा, मी डायलिसिस तंत्रज्ञ आहे. अकरा वर्षं झाली. तुमच्या मामांसारखे पेशंट माझ्या मशीनवर रोज असतात.

कार्डावरच्या "अज्ञात" या शब्दाबद्दल आधी बोलते. त्याचे दोन अर्थ होतात आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. एक म्हणजे सगळ्या तपासण्या केल्या आणि तरी कारण सापडलं नाही. दुसरा म्हणजे पेशंट इतक्या उशिरा आला की आता शोधण्यासारखं काही उरलं नाही. किडनी आकसून लहान झाली की बायोप्सीत धोका जास्त आणि हाती फक्त व्रण लागतात. खेड्यातून येणारे बहुतेक या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

आणखी एक घोळ आहे. किडनी खराब झाली की बीपी वाढतं. पेशंट येतो तेव्हा बीपी १८० असतं, म्हणून कागदावर लिहिलं जातं, "बीपीमुळे किडनी गेली." कित्येकदा गाडी उलटी धावलेली असते. त्यामुळे "अज्ञात" पेशंटांचे आकडे कागदावर दिसतात त्यापेक्षा जास्तही असू शकतात.

देशभरातल्या दवाखान्यांतून गोळा केलेली एक मोठी नोंदवही आहे, २०१२ साली प्रसिद्ध झालेली. तीत ५२ हजारांहून जास्त पेशंट आहेत. मधुमेहामुळे किडनी गेलेले ३१ टक्के आणि त्यांच्याखालोखाल कारण न सापडलेले, १६ टक्के. बीपीवाले १३ टक्के. कारण न सापडलेले पेशंट इतरांपेक्षा गरीब आणि जास्त उशिरा आलेले होते.

ज्याला जगभर "अज्ञात कारणाचा दीर्घकालीन मूत्रपिंड विकार" म्हणतात त्याची एक ठेवण आहे. शेतात राबणारा, तिशी ते पन्नाशीतला, बहुधा पुरुष. लघवीतून प्रथिनं फारशी जात नाहीत, म्हणून फेस येत नाही, पायावर सूज येत नाही, सुरुवातीला बीपीही चढत नाही. किडनीत रक्त गाळणारी बारीक जाळी असते आणि तिच्यापुढे नळ्या असतात. मधुमेहात आधी जाळी बिघडते. या आजारात नळ्या आणि त्यांच्या आजूबाजूचा भाग आधी जातो. माणसाला काहीच कळत नाही. कळतं तेव्हा तो माझ्यासमोर हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) करून बसलेला असतो.

ऊनसावली · १५ मे

मी सार्वजनिक आरोग्यात काम करते, त्यामुळे मध्य अमेरिकेबद्दल लिहू शकते. तिथली हकिगत मला या सगळ्यात सगळ्यात बोलकी वाटते.

२००२ साली एल साल्वादोरची राजधानी सान साल्वादोर इथल्या रोसालेस रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डायलिसिसला नव्याने आलेल्या पेशंटांची नोंद मांडली. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांना मधुमेह नाही, बीपी नाही, दुसरं ओळखीचं कारणही नाही. बहुतेक पुरुष, शेतमजूर, पॅसिफिक किनाऱ्याच्या सखल भागातले. पुढे निकाराग्वा, ग्वाटेमाला, कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते प्रांतातून तसंच ऐकू येऊ लागलं. निकाराग्वातल्या चिचिगाल्पा गावाजवळ ला इस्ला नावाची ऊसतोड मजुरांची वस्ती आहे. तिला लोक "विधवांचं बेट" म्हणू लागले. २०१३ साली अमेरिका खंडाच्या आरोग्य संघटनेने ठराव करून हा गंभीर सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचं मान्य केलं.

पहिला संशय कीटकनाशकांवर आणि पाण्यावरच होता. पण एल साल्वादोरमधल्या एका अभ्यासाने मला विचारात पाडलं. त्यांनी वेगवेगळ्या गावांतल्या लोकांचं रक्त तपासलं. किनाऱ्यालगतच्या, ऊस आणि कापूस पिकवणाऱ्या सखल गावांतल्या पुरुषांत किडनीचं काम मंदावलेलं दिसलं. उंचावरच्या, ५०० मीटरच्या वरच्या गावात तोच ऊस, पण तिथे आजाराचं प्रमाण तसं नव्हतं. पीक तेच, काम तेच. बदललं ते ऊन.

त्यानंतर मजुरांचं क्रिएटिनिन हंगामाच्या आधी आणि हंगामाच्या शेवटी मोजायला सुरुवात झाली. उभ्या उन्हात जाळलेला ऊस तोडणाऱ्यांत ते सगळ्यात जास्त वाढलेलं दिसे. शरीर तापतं, पाणी कमी पडतं, स्नायू झिजतात, किडनीवर रोज थोडा घाव बसतो. एक दिवसाचा घाव भरून येतो. सहा महिने रोज बसला तर व्रण राहतो.

म्हणून निकाराग्वात "विश्रांती, सावली, पाणी" असा कार्यक्रम सुरू झाला. ठरावीक वेळाने सक्तीची सुट्टी, शेतात हलवता येणारे तंबू, पाणी आणि क्षार-साखरेचं पेय. ज्यांना नीट सुट्टी मिळाली त्यांच्यात हंगामातला किडनीचा घाव कमी झाला. कारण पूर्ण कळायच्या आधी उपाय लागू पडला, म्हणून मला हा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो.

आक्षेपही लिहिते, नाहीतर चित्र अर्धवट राहील. ऊन तर सगळ्या उष्ण कटिबंधात आहे, मग आजार ठिपक्या-ठिपक्यांतच का? जाळलेल्या उसाच्या राखेत सिलिका (वाळूत असतं ते खनिज) असते, ती श्वासातून जाते का, यावर काम चालू आहे. उन्हाने दमलेला मजूर अंगदुखीवर रोज वेदनाशामक गोळ्या घेतो, त्याही किडनीला मारक. एकट्या उन्हावर ठपका ठेवणारेही आहेत. मी त्यांच्यात नाही.

कोयता · १५ मे

मी बीड जिल्ह्यातला. आई-बाप दोघं ऊस तोडायचे, मी दहावीपर्यंत फडातच वाढलो. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल एकत्र, हिशोब एकत्र.

ऊनसावली ताईंनी लिहिलं ते वाचून बापाची गोळ्यांची पुडी आठवली. मुकादमाकडे अंगदुखीच्या गोळ्या कायम असायच्या. सकाळी चहाबरोबर एक, मोळ्या वाहून झाल्या की एक. कशाची गोळी आहे हे कोणी विचारलं नाही. पाटी भरली पाहिजे, गाडी गेली पाहिजे.

आणखी एक. आई दिवसभर पाणी प्यायचीच नाही. तहान नव्हती म्हणून नाही, फडात आडोसा नव्हता म्हणून. पाणी प्यालं की जावं लागणार, आणि जायचं कुठं? आमच्या कोप्यांवर रक्त तपासायला कधी कोणी आलेलं मला तरी आठवत नाही.

ऊनसावली · १५ मे

कोयता दादा, आईंबद्दलचं तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. एक फरक मात्र नोंदवते. आपल्याकडे तोडणी बरीचशी थंडीत होते आणि मार्चमध्ये ऊन तापेपर्यंत फड संपत आलेले असतात. तिकडे हंगाम त्यांच्या कोरड्या, कडक उन्हाच्या महिन्यांतच येतो. त्यामुळे तिथले निष्कर्ष जसेच्या तसे बीडला लावता येणार नाहीत. आपल्याकडचा एप्रिल-मे महिन्यांतला मजूर, वीटभट्टी, रस्त्याची कामं, विदर्भातली उन्हाळी मशागत, तिथे जास्त बघायला हवं.

नाशिकचा_नंदू · १६ मे

म्हणजे गावागावांत आरओ बसवला की प्रश्न सुटणार नाही असं म्हणायचंय का?

विशाखाकर · १६ मे

नंदू, तुझा प्रश्न मला आंध्रात रोज ऐकू येतो. मी नोकरीनिमित्त वीस वर्षं विशाखापट्टणमला आहे. इथून उत्तरेला, ओडिशाच्या सीमेला लागून श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम नावाचा भाग आहे. नाव ऐकूनच बाग डोळ्यांपुढे येते आणि प्रदेश तसाच आहे. नारळ, काजू, फणस, समुद्राचा वारा. कविटी, सोमपेटा, कंचिली, इच्छापुरम, मंदसा, वज्रपुकोत्तुरु हे तिथले मंडल. तिथल्या पाहण्यांत प्रौढांपैकी जवळजवळ पाचातल्या एकाची किडनी मंदावलेली आढळली. काही घरांत दोन-दोन पिढ्या.

तिथे ऊस नाही. बागेत सावली आहे. बायकांनाही आजार होतो. म्हणजे मध्य अमेरिकेची चौकट इथे पुरी बसत नाही. पाण्याचे नमुने कितीदा तरी तपासले गेले. सिलिका, शिसं, फ्लोराइड, कीटकनाशकं, प्रत्येकाची नावं घेतली गेली आणि एकावरही बोट ठेवता आलं नाही.

सरकारने शेवटी दोन्ही केलं. हिरमंडलमच्या जलाशयातून नळाने गावोगाव पाणी आणण्याची सुमारे ७०० कोटींची योजना, आणि पलासा इथे २०० खाटांचं रुग्णालय व किडनी संशोधन केंद्र. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्हींचं उद्घाटन झालं. पाण्याने आजार थांबतो का, हे कळायला दहा-पंधरा वर्षं जातील. तरी नळ आणला ते बरोबरच केलं असं मी म्हणेन. चांगलं पाणी मिळण्यासाठी आधी आजाराचा पुरावा द्यावा लागू नये.

मृद्गंध · १७ मे

विशाखाकरांच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. पण घाईने आरोपी ठरवला की काय होतं, याचं उदाहरण श्रीलंकेत आहे. मी मृदाशास्त्राचा विद्यार्थी, त्यामुळे ते प्रकरण बारकाईने वाचलंय.

श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात, अनुराधापुर आणि पोलोन्नरुव जिल्ह्यांत, १९९० च्या दशकापासून भातशेतकऱ्यांत हा आजार दिसू लागला. मेदवच्चिय, पदविय ही नावं तेव्हापासून गाजतायत. कोरडा प्रदेश, जुने तलाव, घरोघरी आडविहिरी. पाणी जड आणि त्यात फ्लोराइड. झऱ्याचं पाणी पिणाऱ्यांत आजार कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅडमियम या विषारी धातूवर संशय गेला.

२०१४ साली एक शोधनिबंध आला. त्यातली कल्पना अशी की ग्लायफोसेट हे तणनाशक जड पाण्यातल्या धातूंना धरून ठेवतं आणि किडनीपर्यंत पोचवतं. कल्पना म्हणून ती चांगली होती, पण होती कल्पनाच. तरी २०१५ मध्ये देशभर ग्लायफोसेटवर बंदी आली. चहाच्या मळ्यांत तण माजलं, आणि २०१८ मध्ये चहा आणि रबरापुरती ती उठवली गेली. तणनाशकाची बाजू मी घेत नाही. माझं दुःख वेगळं आहे. आरोपी सापडला असं जाहीर झालं की बाकीचा शोध थंडावतो. जड पाण्याचंच बघा. जाफन्याचं पाणी चुनखडीतलं, तेही चांगलंच जड, पण हा आजार तिथे तसा पसरलेला नाही.

पूर्णाकाठ दादांच्या पाण्याबद्दल मला एक शंका येते. खारं पाणी माणसाला मारतं ते त्यातल्या क्षारामुळे, की ते *पिववत नाही* म्हणून? ४५ अंशांत कपाशीच्या शेतात काम करणारा माणूस गोड पाणी असतं तर चार-पाच लिटर प्यायला असता. खारं असलं की दोन घोट घेतो आणि ठेवून देतो. मग पाणी आणि ऊन हे दोन वेगळे आरोपी उरतच नाहीत.

पूर्णाकाठ · १७ मे

मृद्गंध भाऊ, हे वाचून अंगावर काटा आला. मामा शेतात पाणी न्यायचेच नाहीत. म्हणायचे, "ते खारं पाणी पेऊन अजून तहान लागते." बिन पाण्याचे संध्याकाळपर्यंत राहायचे. मामी घरी असायची, दिवसभर थोडं थोडं प्यायची, ताक असायचं. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं की एकाच माठातून पिऊन मामी कशी वाचली. ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यातच आली नव्हती.

तळपणकाठ · १८ मे

गोव्यातून लिहितो. आमच्या काणकोण तालुक्यातल्या काही गावांत हेच दुःख आहे आणि त्याबद्दल राज्याबाहेर फार कोणाला माहीत नसतं. आमचं पाणी खारं नाही. डोंगर, जांभा दगड, पाऊस भरपूर, विहिरीचं पाणी चवीला गोड. बिट्स पिलानीच्या गोवा केंद्रातल्या संशोधकांनी इथल्या भूजलाचा अभ्यास केला आणि २०१७ साली सिलिका आणि शिसं यांच्याकडे बोट दाखवलं. चव चांगली म्हणून पाणी चांगलं, असं आमच्या आज्या म्हणायच्या. आता तसा भरवसा वाटत नाही.

म्हणून मृद्गंध यांचा तर्क तुमच्याकडे बसला तरी आमच्याकडे बसेलच असं नाही. कदाचित आपण एकाच नावाखाली दोन-तीन वेगळे आजार मोजतोय.

परीक्षानळी · १९ मे

तळपणकाठ यांचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक. असं एक कोडं सुटलेलं आहे आणि ते सुटायला पन्नास वर्षं लागली, ते सांगतो.

डॅन्यूब नदीला मिळणाऱ्या उपनद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे सर्बिया, बोस्निया, क्रोएशिया, बल्गेरिया आणि रुमानियात, काही ठरावीक खेड्यांतले शेतकरी किडनीच्या आजाराने मरत. १९५० च्या दशकात डॉक्टरांनी त्याची नोंद केली. एका गावात आजार, शेजारच्या गावात नाही. गावातही एका घरात आहे, पलीकडच्या घरात नाही. बाहेरून येऊन तिथे राहिलेल्या लोकांना पंधरा-वीस वर्षांनी होई. मूत्रमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोगही त्याच लोकांत. शिसं, विहिरीचं पाणी, जमिनीखालचा कोळसा, धान्यावरची बुरशी, विषाणू, आनुवंशिकता, सगळं तपासून झालं.

१९६९ साली इविच नावाच्या संशोधकाने म्हटलं की गव्हाच्या शेतात अ‍ॅरिस्टोलोकिया नावाचं तण उगवतं आणि त्याचं बी गव्हाबरोबर दळलं जातं. फार कोणी लक्ष दिलं नाही. मग १९९३ मध्ये ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या उपचारातल्या चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या तरुण बायकांच्या किडन्या झपाट्याने गेल्याची बातमी आली. एका वनस्पतीच्या जागी चुकून अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच आली होती. त्या बायकांच्या किडनीचे नमुने आणि डॅन्यूबकाठच्या शेतकऱ्यांचे नमुने सारखे दिसत होते. २००७ साली शेतकऱ्यांच्या किडनीच्या पेशींत, थेट जनुकद्रव्याला चिकटलेल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाच्या खुणा सापडल्या. विष पाण्यात नव्हतं, रोजच्या पावात होतं.

यातून एक काळजीची गोष्ट आपल्यालाही लागू होते. याच कुळातल्या वनस्पती आपल्याकडे औषधी म्हणून वापरतात. किडामारी जंतांवर देतात. ईश्वरी, जिला सापसंद म्हणतात, ती विंचू-सापाच्या विषावर उगाळतात. कृपा करून या दोन पोटात घेऊ नका. आयुर्वेदावर माझी श्रद्धा आहे, माझ्या आईचा दमा वैद्यांनीच आटोक्यात ठेवला होता. पण या कुळाबद्दलचा पुरावा पक्का आहे.

रात्रपाळी · १९ मे

सर, फार आभार. पेशंट आला की मी गोळ्या विचारते, काढे विचारायचं राहून जातं. उद्यापासून विचारेन.

पूर्णाकाठ दादा, आता तुमच्या घरचं. मामांच्या भावांचं, मुलांचं, तुमचं स्वतःचं क्रिएटिनिन तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात होतं. लघवीची तपासणीही करा, पण ती चांगली आली म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण या आजारात ती बराच काळ चांगलीच येते. क्रिएटिनिनवरून वय धरून किडनीचा वेग, म्हणजे ती रक्त किती वेगाने गाळते ते, काढतात. तो ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर आजार म्हणायचा. म्हणून एकदा जास्त आलं की घाबरायचं नाही, पुन्हा करायचं. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी उन्हात राबलेलं नसावं, वेदनाशामक गोळी घेतलेली नसावी.

पाण्याचा नमुनाही द्या. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असं भारतीय मानक आहे. फ्लोराइड आणि नायट्रेटही मोजायला सांगा. नुसता टीडीएसचा, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारा, पेन बुडवून भागणार नाही.

पूर्णाकाठ · २२ जून

उशीर झाला, पेरणीची धांदल होती.

घरातल्या सात जणांचं रक्त तपासलं. सहा जण ठीक. माझा मावसभाऊ, ३१ वर्षांचा, मामांच्याच शेतात काम करतो, त्याचं क्रिएटिनिन १.६ आलं. त्याला काहीही होत नाही. लघवी स्वच्छ, बीपी १२० वर. रात्रपाळी ताईंनी सांगितल्यावरून डॉक्टरांना किडनीचा वेग काढायला लावला, तो ६० च्या जरा खाली आहे. विचारलं तेव्हा कळलं की पाठदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घ्यायचा, उन्हाळाभर, जवळजवळ रोज. ती बंद केलीय. काढा वगैरे काही घेत नव्हता, परीक्षानळी सर, मुद्दाम विचारलं.

हापशीचा नमुना प्रयोगशाळेत दिला. क्षार २००० च्या पुष्कळ वर. फ्लोराइड-नायट्रेटचा कागद अजून यायचाय. ग्रामपंचायतीत सांगितलं की शेतात जाणाऱ्यांना कॅनचं पाणी पहाटे पाचला मिळालं पाहिजे. आरओ साडेआठला उघडतो आणि तोवर सगळे शेतात गेलेले असतात. सरपंच ताई हो म्हणाल्या, दोन दिवसांपासून पाचला उघडतंय.

भावाची दुसरी तपासणी तीन महिन्यांनी, पोळ्यानंतर. आकडा आला की इथेच टाकतो.